पाठीवरचे दोन खळगे

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. मित्रांनो, मला पाहून भिऊ नका. आता मी क्रीडा समितीच्या कपाटात पडून असते. पण एके काळी मी माणसाचं हाड मोडलं आहे, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तुतीच्या लाकडाला वाफ देऊन कारागिराने माझं टोक वाकवलं. मग माझी डावी बाजू तासून तासून सपाट केली आणि उजवी मुद्दाम गोल ठेवली. सपाट बाजूनेच चेंडू खेळायचा. गोल पाठ चेंडूला लागली की पंचांनी शिट्टी फुंकलीच म्हणून समजा. म्हणून चांगल्या खेळाडूच्या स्टिकचं तोंड झिजतं आणि पाठ कोरी राहते. माझी पाठ कोरी होती आणि मला त्याचा भारी तोरा होता.

मी आले धाकटीच्या हाती. ती आणि तिची ताई एकाच बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायच्या आणि कारखान्याच्या संघात बचावाला खेळायच्या. ताई कप्तान होती. माझ्या मुठीची पट्टी फाटली की नवी तीच गुंडाळायची, कारण धाकटीला धीर नव्हता. धाकटीच्या नाकावर राग असायचा.

अंतिम सामना टपाल खात्याशी होता. त्यांच्या आघाडीच्या खेळाडूला सगळे लांबोडी म्हणत. पहिल्या पंधरा मिनिटांतच तिची स्टिक दोनदा धाकटीच्या घोट्यावर बसली. दुसऱ्या वेळी कातडी सोलून रक्त मोज्यात उतरलं. पंचांनी लांबोडीला हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. धाकटीला ते फार थोडं वाटलं. तिची पकड माझ्या मुठीवर अशी आवळली की मला तेव्हाच धडकी भरली.

शेवटच्या मिनिटांत आमच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू आमच्या एकीच्या पायाला लागला. गोलरक्षक सोडून कुणाचा पाय चेंडूला लागणं हा गुन्हा. त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. अशा वेळी गोलरक्षक आणि चौघी जणी गोलरेषेमागे उभ्या राहतात आणि चेंडू रेषेवरून मैदानात ढकलला गेला की धावत सुटतात. समोरून चेंडू गोळीसारखा येतो, म्हणून तोंडावर मुखवटे घालतात. आमच्याकडे चौघींत मुखवटे तीनच होते. ताईने आपला धाकटीच्या तोंडावर बांधला.

चेंडू सुटला. डीबाहेर अडवला गेला. लांबोडीने स्टिक मागे नेली. धाकटी चेंडूकडे धावलीच नाही, ती लांबोडीकडे धावली. तिने मला खांद्याच्या वर उचललं, हातात फिरवलं आणि पाठीकडून घुमवलं. लांबोडी फटका मारायला खाली वाकली. मी तिच्या डोक्यावरून गेले, तशीच गरकन फिरले आणि धाकटीच्या मागून धावत येणाऱ्या ताईच्या तोंडावर बसले.

तो आवाज मी विसरलेले नाही. ताईचा जबडा मोडला, पुढचे दोन दात तुटले. ती गुडघ्यांवर पडली आणि हाताच्या ओंजळीत रक्त धरून बसली. गर्दीत पंचांना दिसली ती फक्त लांबोडीची वर गेलेली स्टिक. त्यांनी तिला लाल कार्ड दाखवलं. ती रडत, शिव्या देत मैदानाबाहेर गेली. धाकटीने मला मोज्याने पुसलं आणि ती गप्प राहिली. आमचा संघ जिंकला. मित्रांनो, मला स्वतःची किळस आली.

लांबोडीला कायमचं खेळाबाहेर काढायचं, असं समितीत ठरत आलं होतं. अखेरच्या चौकशीच्या आदल्या दुपारी ताई खाटेवर बसली होती. जबडा तारेने बांधलेला, बोलायची सोय नाही. हाताला चाळा म्हणून तिने माझी पट्टी बदलायला घेतली. पट्टी झाली, तशी तिची बोटं सवयीने माझ्या पाठीवरून फिरली आणि थांबली. तिथे दोन खळगे होते. एकात दाताची कपची रुतून बसली होती. ताईने नखाने ती काढली आणि तळहातावर ठेवली.

धाकटी पेज घेऊन आली. ताईने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून तिच्यापुढे धरलं, "पाठीने कोण खेळतं?"

धाकटीने वाटी खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं. ताईने डाव्या हाताने तिच्या मुस्काटात अशी मारली की स्वतःच्याच जबड्याला हिसका बसून ती कळवळली. मग तिने पुन्हा चिठ्ठी ओढली. "उद्या हिला घेऊन जा. टेबलावर पालथी ठेव."

दुसऱ्या दिवशी धाकटीने मला समितीच्या टेबलावर पाठ वर करून ठेवलं. "मी मारलं. हिने नाही," ती समोर बसलेल्या लांबोडीकडे बोट दाखवून म्हणाली. लांबोडी खुर्ची पाडून उठली, धाकटीची कॉलर धरली आणि तिला भिंतीवर आदळलं. धाकटीने हात वर केला नाही. शेवटी लांबोडीनेच तिला सोडलं आणि दाराशी जाऊन विचारलं, "तुझी ताई जेवते का आता?"

लांबोडीची शिक्षा रद्द झाली. धाकटी दोन वर्षं खेळाबाहेर गेली. करंडक परत गेला.

मित्रांनो, मला तेल लावा, उन्हापावसात टाकू नका, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळंच आहे. राग आला आणि मुठीवरची पकड आवळली, तर चेंडू जाऊ द्या, गोल होऊ द्या. आधी मला जमिनीवर ठेवा. तुम्ही घुमवल्यावर मला थांबता येत नाही.