ऑप्शनला टाकलेला धडा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या प्रभुच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून शुभदानं इतक्या माणसांना सम्राट केलं होतं, की तेवढी साम्राज्यं भूगोलात नसतील. कार्यसम्राट, सहकारसम्राट, युवाहृदयसम्राट. मोहोळच्या एका गिऱ्हाइकाला आपलं कार्य कोणतं तेच सांगता येईना, तेव्हा तिनं त्याला नुसताच ‘सम्राट’ करून वाढदिवसाचा फ्लेक्स वेळेत हातात दिला. डोळ्यांखालची वर्तुळं पुसायची, रंग उजळ करायचा, मागं एखादा वाघ सोडायचा. बारावीवर थांबलेली, पंचेचाळिशीला टेकलेली शुभदा या कामात इतकी तरबेज होती, की वाघसुद्धा तिच्याकडं प्रसन्न चेहऱ्यानं बघायचे.

पण गेल्या वर्षापासून तिला वेबसाइट बनवायचा नाद लागला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि छपाईचं मशीन आपलं आपण घरघरत असलं, की ती शिकायला बसायची. शिकवणारे सगळे फुकटातले आणि सगळे न भेटलेले. एक हिंदी व्हिडिओवाला होता. तो दर वाक्याला ‘दोस्तों’ म्हणायचा, म्हणून घरात त्याचं नाव ‘दोस्तों-भावजी’ पडलं होतं. एक इंग्रजी अभ्यासक्रम होता: छोटा धडा, छोटं उदाहरण, बरोबर आलं की हिरवी खूण. आणि अडलं की जायला प्रश्नोत्तरांचा एक चव्हाटा होता. तिथं तिचाच येडा प्रश्न कुणीतरी कधीच विचारून ठेवलेला असायचा, आणि खाली कुणीतरी न चिडता उत्तर दिलेलं असायचं.

या न चिडण्याचं तिला फार अप्रूप होतं.

“गाव नाही, आडनाव नाही, वय नाही, काही विचारत नाहीत हो. या, बसा, शिका. कोण असतील ही माणसं?” ती नवऱ्याला म्हणायची.

यशपाल एसटीच्या वर्कशॉपात होता. “आसतील कुणीतरी रिकामटेकडी,” तो म्हणायचा. मग तिचा चेहरा बघून पुढं जोडायचा, “पन चांगली रिकामटेकडी.”

अशात दुकानाकडं वेबसाइटचं पहिलं काम आलं. जुळे सोलापुरातल्या कल्लप्पा मास्तरांचं. मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. दृष्टी लहानपणीच देवीच्या आजारात गेलेली. न दिसणाऱ्या मुलांसाठी ते आवाजाचं ग्रंथालय चालवायचे. चांगल्या आवाजाची माणसं परीक्षेची पुस्तकं मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून द्यायची, आणि माढ्या-मोडनिंबापासूनची मुलं मास्तरांना फोन करून ‘इतिहासाचा पुढचा धडा पाठवा की’ म्हणायची. दिवसभर धडे पाठवून मास्तर दमले होते. मुलांना आपलं आपण येऊन घेता येईल अशी एक जागा त्यांना हवी होती.

“ताई, तुमी करताय का बोला,” प्रभु म्हणाला. “न्हायतर पुण्याची एक कंपनी हाय, तिला देतो. आन एकदा तिला दिलं, की वेबसाइटची सगळी कामं कायमची तिकडंच. मग तुमी आन तुमचा वाघ.”

“मी करते,” शुभदा इतक्या तातडीनं म्हणाली, की प्रभुच्या हातातला चहा हिंदकळला. तिला वाघाचा कंटाळा आला होता.

ती झपाटून कामाला लागली. अभ्यासक्रमाचे धडे भराभर पुढं सरकले. मध्येच एक धडा आला, त्याचं नावच गाडीभर: ॲक्सेसिबिलिटी. मराठीत बघितलं तर ‘सुगम्यता’. म्हणजे आणखीच घाट. शाळेत असताना जे करायची तेच तिनं केलं. परीक्षेत सगळेच प्रश्न थोडेच सोडवायचे असतात? जड धडा ऑप्शनला टाकायचा. टाकला, आणि पुढं गेली.

खरी पंचाईत अक्षरांची झाली. दुकानातली वळणदार मराठी अक्षरं वेबपानावर नुसती वेडीवाकडी उमटत. शेवटी आयुष्यभर केलं तेच तिनं केलं. सगळा मजकूर फ्लेक्स करतात तसा रचला, त्याचं चित्र केलं, चित्राचे तुकडे पानावर चिकटवले. वर झेंडूची माळ, बाजूला वीणा, मध्ये सोनेरी अक्षरांत ग्रंथालयाचं नाव.

“आरारारा,” प्रभु म्हणाला. “पुण्याला घरी बसवलं की वो तुमी!”

दोघं मास्तरांच्या घरी गेली. मास्तरांच्या पत्नी, सुंदरम्मा, पाण्याचे तांबे घेऊन आल्या. प्रभुनं पुढं केलेल्या फोनवर त्यांनी नजर टाकली आणि कानडीत “छलो अद!” म्हणून खूश झाल्या. “फुलं लई छान हायत.”

मास्तरांनी आपला फोन काढला, कानाशी धरला आणि शुभदानं पाठवलेलं पान उघडलं. पडद्यावर जे असेल ते त्यांचा फोन बोलून दाखवायचा. बोटानं एकेक टिचकी मारावी तसं ते पुढं सरकू लागले आणि फोन बोलू लागला.

“चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण. चित्र.”

मास्तर पानाच्या तळाला जाऊन परत वर आले.

“चित्र. चित्र. बटण.”

“लग्नाचा अल्बम हाय का ह्यो?” मास्तरांनी विचारलं.

“मास्तर, दिसायला एक नंबर हाय,” प्रभु म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा त्यालाच घाम फुटला.

“आसंल की. हिनं सांगितलं न्हवं, फुलं छान हायत म्हणून. पन माज्या पोरांनी इतिहासाचा धडा कुटं शोदायचा? माळंत का वीणंत?”

शुभदाचे कान तापले. मुलांसाठी एक दार करायचं होतं, आणि तिनं भिंतीवर दाराचं सुरेख चित्र काढून दिलं होतं.

“मास्तर, माफ करा,” प्रभु घाईघाईनं म्हणाला. “मी पुण्यालाच देतो काम.”

“थांबा,” शुभदा म्हणाली. मग जे खरं होतं तेच ती बोलली. “मास्तर, याचा धडा होता. नाव जड होतं, म्हणून मी तो ऑप्शनला टाकला.”

मास्तरांचा चेहरा तिच्याकडं वळला. ते असे हसले, की आतून मांजर पळालं.

“म्हंजे मलाच ऑप्शनला टाकलंत की, बाई!”

“व्हय,” शुभदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“हितं बसा. डोळे मिटा.” त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला आणि एका जुन्या, साध्या बातम्यांच्या पानावर नेलं. फोन इतक्या वेगानं बोलत होता, की तव्यावर लाह्या फुटाव्यात. तिला एक अक्षर कळेना. मास्तर मात्र त्या लाह्यांमधून एकेक वेचून सांगत होते: “ह्ये मोठं शीर्षक. ह्ये त्याच्या पोटातलं. ही लिंक, क्रीडा. नको. ही लिंक, जिल्हा. घुसा आत.” बघता बघता ते बातमीच्या शेवटाला पोचलेसुद्धा. शुभदानं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वेगानं तिनं उघड्या डोळ्यांनीही कधी काही वाचलं नव्हतं.

“वेग कमी करता येतो,” मास्तर म्हणाले. “पन मग झोप येती.”

निघताना ते प्रभुला म्हणाले, “पुण्याला एक आठवडा थांबू द्या. आपलं चुकलं ते कारणासकट सांगणारं माणूस मिळत न्हाय लवकर.”

दुसऱ्या दिवशी शुभदा तो धडा घेऊन बसली. नाव सोडलं तर धडा मुळीच जड नव्हता. मजकूर मजकूर म्हणूनच लिहा, म्हणजे यंत्राला वाचता येईल. शीर्षकाला शीर्षक म्हणा. बटणाला नाव द्या. चित्र असेल तर, फोनवर एखाद्याला सांगाल तसं, त्यात काय दिसतंय ते लिहा. शेवटच्या वाक्याशी ती थबकली. हे लिहिणाऱ्याच्या ओळखीत कुणीतरी कल्लप्पा मास्तर असणारच. कुठल्या देशातला, कुठली भाषा बोलणारा, कोण जाणे. पण त्या माणसानं मास्तरांना ऑप्शनला टाकलं नव्हतं.

वळणदार अक्षरांचा हट्ट सोडून तिनं साधी, कुठंही उमटणारी मराठी अक्षरं घेतली. स्वतःच्या फोनवर तो बोलणारा पडदा चालू केला आणि ओढणीनं डोळे बांधले. आता फोन तिचं ऐकेना. बोट ठेवावं तिथं बोलायचा, उघडायचा मात्र नाही. तेवढ्यात यशपालचा फोन आला. तिनं हिरवं बटण चेपलं, दाबलं, रगडलं. फोन शांतपणे “उत्तर द्या, बटण” म्हणत राहिला आणि उत्तर काही देऊ देईना. संध्याकाळी यशपाल घरी गजरा घेऊन आला, कारण बायको कशावरून रुसली ते त्याला आठवेना.

“दोनदा टिचकी मारायची असते, हे मला नंतर कळलं हो,” ती गजरा माळत म्हणाली.

आठवडाभर तिनं पान उसवलं आणि पुन्हा विणलं. माळ गेली, वीणा गेली. चित्र एकच ठेवलं: पेटी वाजवणाऱ्या मास्तरांचा सुंदरम्मांनी पाठवलेला फोटो. त्याचं वर्णन लिहायला बसली, तर हात सवयीनं चालला: ‘स्वरसम्राट, नादमहर्षी’. तिनं पुसलं. हे दिसतंय थोडंच? इतकी वर्षं माणसांना विशेषणं लावली होती; समोर जे दिसतं ते लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या एका ओळीला तिला अख्ख्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.

ठरलेल्या दिवशी मास्तर खुर्चीत सरसावून बसले. प्रभु दाराशी उभा होता, लवकर निघता यावं म्हणून. शुभदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

टिचकी. “शीर्षक: आवाजाचं ग्रंथालय.” टिचकी. “शीर्षक: दहावी.” टिचकी. “लिंक: इतिहास.” दोनदा टिचकी. आणि एका बाईचा स्वच्छ आवाज खोलीत धडा वाचू लागला.

मास्तरांनी तो तिथंच थांबवला. परत आले. भूगोल उघडला. परत आले. विज्ञान. कुणाला काही विचारलं नाही. मग सगळ्यांत वर गेले, आणि फोन म्हणाला:

“चित्र: कल्लप्पा मास्तर पेटी वाजवताना. पांढरी मिशी. डावी भुवई वर चढलेली. हसू दाबून धरलंय.”

मास्तरांचं बोट थांबलं.

“माजी डावी भुवई वर आसती?”

“लग्न झाल्यापास्नं बघतीय,” सुंदरम्मा म्हणाल्या. “पेटीवर बसलात की चढतीय.”

“मग सांगितलं न्हाईस कदी?”

“तुमी इच्यारलं कदी?”

मास्तरांनी हात वर नेऊन भुवई चाचपली. आत्ता ती जागेवर होती.

“मास्तर,” प्रभु खाकरला, “मग पुण्याला काय कळवू?”

“पुणं टाका ऑप्शनला,” मास्तर म्हणाले. “पुढची कामं बाईंकडं.” आणि त्यांचं बोट पुन्हा वर गेलं, त्या चित्रापाशी. या वेळी मात्र त्यांनी फोनचा वेग कमी केला.