कप्तानांच्या बाकाचा डावा कोपरा

मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानाकडेचा. माझ्यावर मनापासून कुणीच बसत नाही. बदली खेळाडू बसतो तो उठायची वाट पाहत, आणि प्रशिक्षक तर नुसता टेकल्यासारखं करतो. तरीही मला माझ्या कामाचा अभिमान होता, अगदी ताठ मानेनं सांगतो.

पाडलेल्या गोदामाच्या तुळईतून एका सुतारानं माझी जाडजूड फळी कापली. रंधा मारताना तो म्हणाला, "हा आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल." मग मला लोखंडी पाय लागले आणि मी मैदानावर आलो.

कप्तान पहिल्यांदा आले तेव्हा कप्तान नव्हते. हडकुळा बदली खेळाडू, डाव्या कोपऱ्यावर बसून नखं कुरतडणारा. पुढे ते संघाचे कप्तान झाले, गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झाले आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर येऊन बसले. गोल खाल्ला की माझ्यावर मूठ आपटायचे. सामना संपला की तिथेच हळूच हात फिरवायचे. त्या हातानं माझा कोपरा गुळगुळीत झाला होता. मला ते फार आवडायचं.

ते निवृत्त झाले आणि आठवड्याभरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. निळ्या, गुबगुबीत, पेला ठेवायला खाच असलेल्या! मला गवत कापायच्या यंत्रामागे नेऊन टाकलं. तिथे माझ्यावर रंगाचे डबे ठेवत, कधी ओली पोती. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका सकाळी कप्तान गेले.

बातमी पसरली तशी माणसं कामधंदा टाकून मैदानाकडे आली. मैदान राखणाऱ्या काकांनी मला ओढून बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या जुन्या जागी ठेवलं. लोकांनी माझ्यावर फुलं वाहिली, संघाचे मफलर बांधले. धिप्पाड माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मलाही भरून आलं. लाकडाला काळीज असतं का, असं विचारू नका.

एक म्हातारा बसचालक माझ्यापाशी बराच वेळ उभा होता. कप्तानांचा एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. तो काकांना म्हणाला, "एक ढलपी घेऊ का हो? आठवण म्हणून. त्यांच्या जागेवरची."

काकांना नाही म्हणवेना. "घ्या. तुमच्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा?"

झालं! त्याचं पाहून दुसरा आला, दुसऱ्याचं पाहून तिसरी. कुणी चाकू काढला, कुणी घराची किल्ली. जो तो म्हणे, "एवढीशीच घेतो." खरंच एवढीशीच घेत होते हो. ढलपी कपाळाला लावून खिशात ठेवत होते. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? उजवीकडे कुणी हात लावला नाही. सगळ्यांना कप्तानांचीच जागा हवी होती.

घरातली पाहुणेमंडळी पांगल्यावर कप्तानांच्या पत्नी आल्या. नवऱ्याला मार लागलेला बघवत नाही म्हणून त्या कधीच मैदानावर आल्या नव्हत्या. गर्दीनं वाट करून दिली. त्या काकांना म्हणाल्या, "ते कुठे बसायचे, दाखवता? मला तिथे थोडा वेळ बसायचंय."

काकांनी खाली मान घातली. डाव्या कोपऱ्यावर आता लाकूडच नव्हतं. नुसता लोखंडी पाय, आणि वर कुरतडलेली कड.

बसचालकानं खिशातली ढलपी काढून पुढे धरली. मागोमाग कितीतरी हात पुढे आले. बाईंनी त्या हातांकडे पाहिलं.

"असू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तुमचेही होतेच ते. पण मला फक्त बसायचं होतं हो."

कुणीतरी धावत जाऊन निळी खुर्ची आणली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग त्या माझ्या उरलेल्या फळीवर अगदी कडेला बसल्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेत हात नेला. टेकवायला तिथे काहीच नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला, आणि मग त्या पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मी इतक्या जणांचं वजन पेललं, पण तो एक हात मला पेलता आला नाही.

मित्रांनो, कुणावर जीव असेल तर त्याचं राहिलेलं जिथल्या तिथे, शाबूत ठेवा. तुमच्याइतकाच जीव असलेलं आणखी कुणीतरी अजून वाटेत असतं.