उष्टा करंट

सुलतानपुरात वीज आली त्याच साली पुंजाजी आणि शेषराव या भावांची वाटणी झाली. वावर, बैल, अंगण, सगळं निम्मं निम्मं. मीटर मात्र एकच, आणि तिथं गाडी अडली. पुंजाजी म्हणे, मी थोरला, तार आधी माह्या घरात. शेषराव म्हणे, "म्हंजे मले तुमचा उष्टा करंट? जमत नाई, दादा." शेवटी लोणारहून आलेला वायरमन कावून म्हणाला, "एकच तार दोन्ही दिव्यांतून फिरवतो. दोघांतून करंट तोच अन् तेवढाच जाईल. दिवे मंद लागतील, मग बोंबलू नका." मंद तर मंद, सारखे आहेत ना! दोन्ही घरांत चाळीसचे दिवे लालसर लागले आणि दोघे भाऊ खूश झाले.

पुंजाजीची बायको झुंबरबाई मात्र खूश नव्हती. दूध नासलं तरी आधी कोणाची नजर लागली हे शोधणारी ही बाई! तिनं बाजारातून गुपचूप शंभरचा दिवा आणला आणि चाळीसचा काढून तो लावला. मोठा दिवा, मोठा उजेड, सरळ हिशेब. पण झालं भलतंच. तिच्या दिव्यात नुसती तार लाल झाली आणि समोर धाकट्या जावेच्या घरात लख्ख उजेड पडला.

"चोट्टी!" झुंबरबाई पुटपुटली.

ही धाकटी जाऊ, गोजरबाई, तिच्याच मावशीची लेक. शेषरावासाठी तिला मागून आणली होती झुंबरबाईनंच. पण त्या दिवसापासून गोजरबाई भिंतीशी उभी राहिली तरी झुंबरबाई दाराआडून बघे, ही तारेला काय करून राह्यली? समोर कोणी हसलं की वाटे, मलेच हसतात. घाबरून गोजरबाईनं एकदा आपला दिवा काढूनच ठेवला, तर झुंबरबाईचाही विझला. झालं! "पाहा, माह्या घरात अंधार केला!"

मग विहिरीवर चारचौघींत तिनं गोजरबाईला चोर म्हटलं. गोजरबाईनं कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, याची आन, म्या तुमचा करंट घेतला नाई."

"चोराले लेकराची बी पर्वा नसते," झुंबरबाई म्हणाली.

 त्या संध्याकाळी शेषरावानं सांगून टाकलं, आम्ही मळ्यातल्या खोपडीत राहायला जातो. झुंबरबाईला वाटलं, जा, पण चोर ठरून जा. तिनं मेहकरला विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या भावाला, उत्तमरावाला, निरोप धाडला.

उत्तमराव एस्टीनं आला तेव्हा समोर बैलगाडीत भांडी चढत होती. त्यानं शाळेतून आणलेले करंट आणि व्होल्टेज मोजायचे दोन मीटर दिव्यांना जोडून पाहिले आणि खडूनं ओट्यावर आकडे मांडले. गोजरबाईही गाडीपाशी थांबून ऐकू लागली.

"अक्का, करंट दोघींकडे सारखाच आहे, अँपिअरचा सहावा हिस्सा. तुझ्या दिव्यावर व्होल्टेज पस्तीस, तिच्या दिव्यावर एकशे पंच्याऐंशी. व्होल्टेजला करंटनं भाग दे, म्हणजे दिवा किती अडवतो ते कळतं. तुझा दोनशे दहा ओहम, तिचा अकराशे दहा. आता व्होल्टेजला करंटनं गुण. तुला मिळतात सहा वॅट, तिला एकतीस."

"मंग घेतेच ना ते!"

"घेत नाही, तूच देतेस. एकाच तारेत जो दिवा जास्त अडवतो, त्याच्या वाट्याला जास्त पॉवर जाते. मोठा दिवा कमी अडवतो. दोघींकडे चाळीसचेच होते तोवर वाटा सारखा होता." उत्तमरावानं मान वर केली. "हा शंभरचा कोणी लावला?"

 पुंजाजी झुंबरबाईकडे बघतच राहिला. तिला ओट्यात गडप व्हावंसं वाटलं. पण बाई वाईट नव्हती हो, संशयी होती. ती तशीच उठली आणि गाडीशी जाऊन तिनं गोजरबाईचा हात धरला.

"गोजरे, नको जाऊ व माय. चुकलं माह्यं. तू चोर नाई, आता पटलं मले."

गोजरबाईनं हात सोडवला नाही. रडलीही नाही.

"बाई, म्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला तवा नाई पटलं," ती म्हणाली. "अन् यंत्राचा काटा हालला तवा पटलं. मंग तुमच्या सामने राहून म्या काय करू?"

ती लेकराला घेऊन गाडीत चढली. शेषरावानं बैल हाकले.

सांज व्हायच्या आत उत्तमरावानं तार बदलून दोन्ही घरांच्या जोडण्या वेगळ्या केल्या. शंभरचा दिवा असा पेटला की अंगण उजळून निघालं. झुंबरबाई ओट्यावर बसून होती. समोरच्या दाराचं कुलूप तिला तिथून स्वच्छ दिसत होतं.