सुपातली हयात

सरलाबाईची दोन बाळं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूनं गावाकडची रीत काढली. बाळ सुपात घालायचं नि मूठभर ज्वारीच्या बदल्यात दुसरीला विकायचं. घेणारीनं नाव ठेवायचं, म्हणजे मरणाला घर सापडत नाही. पोर वाढायची आईजवळच, पण पाच वर्षांची झाली की घेणारीनंच तिला नवे कपडे घालून परत करायची.

घेतलं कोणी? सुरतेतल्या लिंबायतच्या चाळीतल्या शेजारणीनं, नंदुरबारच्या खातूनबीनं. तिनं आपल्या नानीचं नाव ठेवलं, हयात. "अरबी नाव आहे," ती म्हणाली, "म्हणजे जगणं. तुम्ही नाही का म्हणत, सासरे हयात आहेत? तोच शब्द. माझी नानी पणतवंडं खेळवून गेली, बघ." आणि पोरगी खरंच जगली की हो! चांगली टुणटुणीत.

मग ब्याण्णवचा डिसेंबर आला, सुरत पेटली. खातूनबीनंच सरलाबाईच्या घरच्यांना आपल्या घरात लपवलं. पुढं सरलाबाई डिंडोलीच्या हिंदू गल्लीत राहायला आली आणि तीन वर्षांच्या पोरीचं नाव बदलून हेतल केलं. भीतीनं केलं, हे खरं. पण दंगल निवल्यावर तरी ही बया लिंबायतला फिरकली? नाव नको! कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणत घरातच कुढत राहिली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नळावर बायकांची गर्दी होती, आणि खातूनबीच गल्लीत आली. पार वाकलेली, काखेत पुडकं.

"हयातचं घर कोणतं गं? सरलाची हयात?"

सगळ्या सरलाबाईकडं बघू लागल्या. "माझी तर हेतल," ती बोलून गेली. "हयात कोण, मला काय ठाऊक?"

खातूनबीनं तिच्याकडं पाहिलं. मग पलीकडं लंगडी खेळणाऱ्या पोरीकडं डोळे भरून पाहिलं.

"गलती हो गई बेटा," ती म्हणाली. "दुसरी सरला होगी." पुडकं नळाच्या ओट्यावर ठेवून ती निघाली.

पुडक्यात पिवळा फ्रॉक होता, पाच वर्षांच्या पोरीच्या मापाचा. तेव्हाच शिवलेला, इतकी वर्षं जपलेला.

जळो माझी जीभ! सरलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हंडा तिथंच टाकून ती धावली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "हयात! अगं हयात, तुझी आई चालली, थांबव तिला!"

कोपऱ्यावर खातूनबी थांबली, वळली. लंगडी खेळणारी पोर मात्र खेळतच राहिली. ते नाव आपलं आहे, हे डिंडोलीला आल्यापासून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.