नुसतं 'मन' टाइप केलं

नवीन पनवेलच्या भाड्याच्या घरात निकेशने वेळ वाचवायचा जणू कारखानाच काढला होता. इतर माणसं कॉम्प्युटरवर माउस फिरवतात. निकेश काळा स्क्रीन उघडून त्यात हुकूम टाइप करी. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. या काळ्या स्क्रीनवर एका फोल्डरात जायचं तर अख्खा पत्ता लिहावा लागतो, अमक्याच्या आत तमकं, तमक्याच्या आत फलाणं. तेवढेही कष्ट साहेबांना झेपेनात, म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम बसवला. नावाची दोन-तीन अक्षरं टाकायची, की त्या अक्षरांच्या ज्या फोल्डरात आपली जास्त ये-जा असेल तिथे तो थेट नेऊन सोडतो. तो बसवून मनासारखा सजवण्यात निकेशचा अख्खा पावसाळा गेला.

"वाचलेला वेळ ठेवलास कुठं?" त्याची आई भामा विचारी. "त्यातला थोडा काढ आणि दळण घेऊन ये."

एवढ्यात त्याला पहिलं मोठं काम मिळालं. पळस्प्याच्या जगनशेठने बापजाद्यांच्या शेतावर टॉवर उभा केला होता आणि रिवाजाप्रमाणे त्याला मुलीचं नाव दिलं होतं, 'मनस्वी हाइट्स'. त्याची वेबसाइट निकेशने करायची होती. जगनशेठला साइट म्हणजे सिमेंट आणि खडी एवढंच ठाऊक, पण बाकीचे बिल्डर करतात म्हणून त्यालाही हवी होती. काम जमलं तर त्याच्या ओळखीतल्या सगळ्या बिल्डरांची दारं निकेशला उघडणार होती.

आता अडचण अशी की खरी मनस्वी कॉलेजात निकेशच्या वर्गात होती. तिला काही सांगायची त्याची छाती झाली नव्हती. म्हणून त्याने 'मनस्वी' नावाचा वेगळा फोल्डर करून त्यात तिच्यासाठी एक पान रचायला घेतलं होतं. रोज उघडायचं, एक शब्द बदलायचा, उसासा टाकून बंद करायचं. टॉवरचा 'मनस्वी हाइट्स' फोल्डर मात्र 'उद्या बघू' म्हणत पडून असे. शेवटच्या आठवड्यात त्याने तो कसाबसा उरकला.

उद्घाटनाला बुकिंग ऑफिसात सत्यनारायण झाला, शिरा वाटला, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला. साइट इंटरनेटवर चढवायची तेवढी राहिली होती. मनस्वी मागे येऊन उभी राहिली. "किती भराभर करतोस रे," ती म्हणाली. झालं, गडी फुगला. स्क्रीनकडे न बघता, तिच्याकडे बघत, त्याने नुसतं 'मन' टाइप केलं आणि लगेच चढवायचा हुकूम सोडला.

भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं उमटली:

'मनस्वी, तुझ्या बाबांच्या बिल्डिंगा पहिल्याच पावसात गळतात. माझं प्रेम गळणार नाही.'

शिरा खाणारे थांबले. आपटा गावाहून फ्लॅट बघायला आलेला एक गृहस्थ छताकडे बघू लागला.

"कंची बिल्डिंग गलते?" जगनशेठने शांतपणे विचारलं.

"शेठ, फोल्डर चुकला," निकेश म्हणाला. घाबरला की त्याला समजावून सांगायची सवय. "दोन्ही नावं 'मन'पासून सुरू होतात. हा प्रोग्राम आपण जिथे जास्त वेळा जातो तिथेच नेतो."

"म्हंजे माज्या कामात तू कमी जायचास."

"हो... म्हणजे, नाही."

"आन् माज्या पोरीच्या फोल्डरात जास्त."

निकेशने घाईघाईने लॅपटॉप मिटला.

"उचल तुजा डबडा," जगनशेठ म्हणाला. "माज्या साइटवर परत दिसू नको. दोनी साइटवर."

निकेशने लॅपटॉप बगलेत मारला आणि निघाला. वेळ वाचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हताच. पहिलं मोठं काम आणि बिल्डरांची सगळी दारं त्याने एका फटक्यात निकालात काढली होती. गेटापाशी मनस्वीने गाठलं.

"रोज जायचास त्या फोल्डरात?"

"रोज."

"आणि मी बाजूच्या बाकावर बसत होते."

त्याने लॅपटॉप या बगलेतून त्या बगलेत घेतला.

"गळतात ते खरंय," ती म्हणाली. "आमच्या घरातही बादली लावतो. पप्पांचा राग उतरला की ये. पण पूर्ण पत्ता टाकून ये, दारातून, आईवडिलांना घेऊन. अर्धवट अक्षरं टाकून आलास तर दुसऱ्याच कुणाच्या घरी पोचशील."

निकेश घरी आला आणि आईकडून पिठाचा डबा मागून घेतला. दळण आणायची त्याची ती पहिलीच वेळ. गिरणी शोधायला त्याला अर्धा तास लागला.