घड्याळाची झडती

"फुगेवाल्याला घरात कशाला घेतलंस?" हे माझ्या कानाशी येऊन पुटपुटले.

"मग काय जिन्यात फुगवायला सांगू?"

"त्याची पिशवी बघितलीस केवढी आहे? फुग्यांना एवढी लागते? लक्ष ठेव."

आमचे हे एका मोठ्या दुकानाच्या बाहेर पडायच्या दाराशी उभे असतात. गिऱ्हाइकाची पिशवी उघडायची, हात घालून चाचपायची, मग पावतीवर शिक्का मारायचा. वर्षानुवर्षं हेच. त्यामुळे कुणी सरळ मनाने दारातून बाहेर पडतं, यावर यांचा विश्वासच उरलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपणहून खुर्च्या दिल्या, तर "का दिल्या असतील?" म्हणून माझं डोकं खाल्लं.

वाढदिवस चिमीचा, आमच्या लेकीचा. सातवा. या शाळेत ती नवीन, कुणी खेळायला घेत नसे. आता कुठे एक मैत्रीण मिळाली होती, दोन वेण्यांची, सारखी खिदळणारी. तिच्यामागून बाकीच्याही बोलायला लागल्या होत्या. "आई, सगळ्या आल्या पाहिजेत हं," एवढंच चिमीचं मागणं. माझाही जीव त्यातच अडकला होता.

आल्या बाई सगळ्या! एकीने सोफ्यावर सरबत सांडलं, दोघींनी पलंगावर उड्या मारमारून गादी खाली आणली, एक न्हाणीघरात कडी लावून बसली आणि तिला ती उघडता येईना. पण केक कापताना चिमीचा चेहरा असा फुलला होता, की म्हटलं, घर गेलं खड्ड्यात.

तेवढ्यात यांनी भेटींच्या टेबलाकडे पाहिलं. "घड्याळ कुठंय?"

माझ्या बहिणीने पाठवलेलं लाल पट्ट्याचं घड्याळ. डबी होती, आत घड्याळ नव्हतं.

"असेल इथंच कुठेतरी. पोरी जाऊ देत, मग शोधू."

"गेल्यावर काय शोधणार?"

मी यांना गप्प केलं खरं, पण माझीही नजर फिरायला लागली. कुणाचा खिसा फुगलाय, कोण जास्तच शहाण्यासारखी बसलीय. लाज वाटत होती, तरी बघत होते.

आया न्यायला आल्या तसे हे दारात जाऊन उभे राहिले. रिटर्न गिफ्टची पिशवी घेऊन पोरगी निघाली, की "दाखव बघू बाळ," म्हणून हात आत. पोरींना खेळच वाटला, त्यांनी रांग लावली. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मागून यांचा शर्ट ओढला, पण हे कुठले ऐकतात!

दोन वेण्यांच्या पोरीच्या पिशवीतून लाल पट्टा बाहेर आला.

"हे काय आहे?" तो दुकानातला आवाज होता. घरात मी तो पहिल्यांदाच ऐकला.

पोरीचं खिदळणं बंद झालं. चिमी धावत आली. "बाबा, मीच दिलंय ते! आमचं ठरलंय, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे!"

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?" हे हसायला गेले. कुणीच हसलं नाही.

त्या पोरीच्या आईने पिशवी शांतपणे स्टुलावर ठेवली आणि लेकीचा हात धरला. मी जिन्यापर्यंत मागे गेले. "अहो, गैरसमज झाला हो. राग मानू नका."

"गैरसमज कसला? नीट बघून घेतलंत ना सगळं?" बाई न थांबता म्हणाल्या.

सोमवारी यांना सुट्टी असते. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा दार यांनीच उघडलं. चिमी उंबऱ्यापाशीच थांबली. पाठीवरचं दप्तर उतरवलं, चेन पूर्ण ओढली आणि दोन्ही हातांनी उघडं करून यांच्यापुढे धरलं.

"बघून घे बाबा," ती म्हणाली. "मला कुणी काही दिलं नाही."

यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ती मात्र दप्तर उघडं धरून तशीच उभी राहिली.