चष्मेवाला ळ

टप्प! सिंकमधल्या उपड्या ताटलीवर नळाचा थेंब पडला आणि दुपारची शांतता फुटली. पिटुकलीनं कूस बदलली. तिच्या आईनं श्वास रोखला, लेक पुन्हा घोरायला लागल्यावर हळूच सोडला आणि स्क्रीनवरच्या ढ चं पोट आणखी थोडं फुगवलं.

बेकरीवाल्या बाईंना पाटीसाठी फॉन्ट हवा होता. पहिला नमुना त्यांना वेलींचं जंगल वाटला, दुसरा दवाखान्याचा बोर्ड. आज तिसराही नापास झाला तर काम दिराकडे जाणार होतं. दीर म्हणजे फुकटचे फॉन्ट उतरवून त्यांना सोनेरी सावली चिकटवणारा कलावंत. पिटुकली झाल्यापासूनचं हे तिचं पहिलंच काम. ते त्याच्या घशात जाणं म्हणजे जन्मभर ऐकून घेणं.

"अक्षरं घरातली वाटली पाहिजेत गं," बाई म्हणाल्या होत्या. तिनं ते फारच मनावर घेतलं. ढ ला नवऱ्याचं पोट. रफाराला पिटुकलीची ताठ शेंडी. आणि ळ च्या दोन गोलांना सासूबाईंचा चष्मा, नाकावर घसरलेला.

ठरल्याप्रमाणे बाईंचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन स्क्रीनसमोर धरला.

"हा ळ माझ्याकडे असा का बघतोय?"

"ती आजी आहे!" पिटुकली डोळे चोळत मागे उभी. "मी दूध सांडलं की अश्शी बघते. हा जेवलेला बाबा. आणि ही मी!"

आई गारठली. दारात सासूबाई होत्या. हुबेहूब ळ.

फोनमध्ये मात्र बाई हसून हसून लालबुंद. "अगं, माझी सासू गल्ल्यावर अश्शीच बसते! हाच फॉन्ट. ठरलं!"

सासूबाईंनी स्क्रीनला नाक लावलं. "काडी जाड झालीय. बारीक कर. चारचौघांत लटकायचंय मला." मग चष्मा वर ढकलून, "आणि धाकटा कुठाय?"

"भाऊजी... अनुस्वारात. दिसेल त्याच्या डोक्यावर बसतात."

"ते मात्र बरोबर जमलंय," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पिटुकली आईच्या मांडीत चढली. चिकट बोट अ पासून ज्ञ पर्यंत फिरलं, मग पुन्हा मागे आलं.

"आई, यात तू कुठंयस?"